दोरी किती लांब होती

रामबागेतल्या आमच्या कुटुंब साहाय्य केंद्रात
लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा
लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.
तिथून निघाली फाईल एकशेबारा, सन त्र्याऐंशी.
पोतनीसबाईंचं अक्षर, वळणदार,
एका वेलांटीची चूक नाही:

‘स्कीम नंबर चौपन्न. बांधकामाची जागा.
मजूर स्त्री, जात भिल्ल, नाव झमकू.
मुलगी, वय अंदाजे दोन,
कडुनिंबाला दोरीने बांधलेली आढळली.
आई क्रूर व बेफिकीर. मूल ताब्यात घेतले.’
सही. सहीखाली दोन ठिपके,
बाई नेहमी देत तसे.

समोर वेस्ता डामोर, झमकूचा धाकटा भाऊ,
झाबुआहून पहाटेच्या बसने गंगवालला उतरलेला,
खुर्चीच्या टोकावर बसलाय,
खुर्ची जणू शेजाऱ्याकडून मागून आणलेली.
त्याच्या शेजारी विनया, सरकारी दवाखान्यात नर्स.
हे नाव बालगृहाने दिलेलं.
तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.
मामाची बोली तिला येत नाही,
म्हणून दोघंही माझ्याकडे बघतात
आणि मी फाईलकडे.

गेंदाबाईने चहा आणला.
वेस्ताने कप उचलला, आणि आधी
दोन थेंब फरशीवर सोडले.
गेंदाबाई फडकं घेऊन धावली.
मी म्हटलं, राहू दे.
(शिबिरात शिकवलं नव्हतं हे.
‘आदिवासींशी संवाद’, दोन दिवस, जेवणासह.)
तो म्हणाला, गेलेल्यांना आधी.
विनयाने मला विचारलं, कोण गेलं?
आणि ते मला मराठीत सांगावं लागलं.

मग बराच वेळ पंखाच.

मग मी फाईल वाचली, मोठ्याने, सगळी.
‘क्रूर’चा अर्थ सांगावा लागला नाही.
वेस्ताने विचारलं,
दोरी किती लांब होती, लिहिलंय का?
मी पान उलटलं. पाठकोरं.
तो उठला. कपाटाला हात लावला: हा कडुनिंब.
दारापाशी गेला: हा चुन्याचा हौद,
चुना विझवत होते, वाफ निघत होती.
मग कपाटापासून पावलं टाकत आला
आणि दाराच्या चार पावलं अलीकडे थांबला.
इथपर्यंत.
सावली इथपर्यंत यायची, दोरीही इथपर्यंत.
गाठ मी मारली होती. नऊ वर्षांचा होतो.
ताई माती वाहायची,
प्रत्येक फेरीला गाठ बघून जायची.

मी म्हटलं, सॉरी.
तो म्हणाला, हां, सोरी.
त्याच्या बोलीत सोरी म्हणजे मुलगी.
त्याने विनयाकडे बोट दाखवलं,
मी काय म्हणतेय ते आत्ता कुठे कळल्यासारखं.
मी दुरुस्त केलं नाही.

फाईल विनयाला दिली. मूळ प्रत.
नियमात नाही. झेरॉक्स आम्ही ठेवली.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं,
फॉर्ममध्ये एक रकाना वाढवू या.
बिडवईंनी विचारलं, शीर्षक काय?
दोरी किती लांब होती.
दोघं-तिघं हसले, मग चष्मे पुसत बसले.
पोतनीसबाई घरी येऊन माझ्या आईला
साडीचं दुकान सुचवायच्या, तेही मला आठवलं.
वाईट नव्हत्या. उन्हात हिंडायच्या.
फक्त झाडाशी गेल्या, आणि हौदापर्यंत गेल्या नाहीत.

ठराव मंजूर.
पण आधीचे दोन हजार फॉर्म संपल्यावर छापू,
कागद महाग झालाय.
तोवर मी प्रत्येक फॉर्मवर
तो रकाना हातानेच ओढते, पट्टी न लावता.
कधी भरतो. कधी समोरची बाई म्हणते,
दोरी? कसली दोरी?
आणि मग बोलू लागते.

डाग होता तिथे गेंदाबाई
वळसा घालून फरशी पुसते.
मी सांगितलेलं नाही तिला.
तरी आता तो जवळजवळ गेलाय.
माणसं येतात, पाय लागतात.